ऑरेंज अलर्टचा अर्थ

नायगावच्या लवू परबाकडे रविवारी त्याच्या मुलीला, अक्षदाला, बघायला लालबागहून पाहुणे यायचे होते, आणि अक्षदाला तर लग्नच नको होतं. मी यात मीठमसाला लावलेला नाही. म्हणजे थोडाच लावलाय.

सकाळी मोबाइलवर इशारा आला. लवूने विचारलं, "ह्या ऑरेंज अलर्ट म्हणजे काय गो?"

खरा अर्थ एवढाच, की पाऊस जोराचा येईल, तयारीत राहा. पण अक्षदा म्हणाली, "बाबा, ऑरेंज म्हणजे घराबाहेर पडायला सक्त मनाई. त्यांना येऊ नका म्हणून कळवा."

लवू काही कच्चा नव्हता. "मुलगो कॉलेजात भूगोल शिकवता. त्येकाच इचारतंय," म्हणत त्याने फोन लावला, तोही स्पीकरवर. अक्षदाचा चेहरा पडला.

"बरोबर आहे, काका," पलीकडून तो मुलगा, धनेश, शांतपणे म्हणाला. "ऑरेंज म्हणजे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी घरी सकाळपासून हेच समजावतोय."



अक्षदा फोन घेऊन गॅलरीत गेली आणि हळूच म्हणाली, "सर, इतकं सफाईदार खोटं मी आजवर ऐकलं नव्हतं. छत्री घेऊन या, पोहे भिजवते."