मयत सात

"मामा, ते मेलेले सात उंदीर द्या," संशोधक बाई उंदीरखान्याच्या दारातूनच म्हणाल्या. "चिरून बघते एकदा, कशानं गेले ते. बारा वाजता औषध बंद करायच्या कागदावर साहेबांची सही झाली की संपलं."

उंदीरमामा पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होते. बावीस वर्षं ते हेच करत आले होते, आणि हातातलं काम थांबवून ते कुणालाच उत्तर देत नसत.

"कोण मेलं?"

"पिवळ्या पट्टीचे सात. फ्रीझरमध्ये ठेवलेत ना?"

"माझ्या घरात मयत, आणि मलाच आवतण नाही?"

बाईंना हसू आलं नाही. कर्करोगावरचं हे त्यांचं अकरावं औषध. आधीची दहा नुसती कुचकामी निघाली होती. यानं तर नाक कापलं होतं. कोणत्या पट्टीला औषध आणि कोणत्या पट्टीला नुसतं पाणी, हे गुपित काल फुटलं. पिवळी पट्टी औषधाची निघाली. बारापैकी पाच उंदरांच्या गाठी तशाच वाढलेल्या, आणि सात उंदीर मयत. "गाठीला सोडलं, रोग्याला मारलं," असं साहेब बैठकीत म्हणाले. वाक्य जमलंय हे लक्षात आल्यावर त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं.

ज्याचं औषध त्यानं मोजणीच्या वाटेला जायचं नाही, असा तिथला नियम. नाहीतर मोजणाऱ्याचं माप मायेनं लहान होतं. म्हणून सहा आठवडे बाईंनी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मामा मोजत, वहीत लिहीत, आणि वही वरच्या मजल्यावर आकडेवारी बघणाऱ्या गणित्याकडे जाई.

मामांनी बाटली ठेवली. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी कोपऱ्यातल्या मांडणीवरून एक मोठा पिंजरा उचलून बाईंपुढे टेबलावर आणला.

"मोजा."

आत सात उंदीर होते. दोघं खात होते, एकजण तिसऱ्याच्या अंगावरून चालला होता, आणि बाकीच्यांनी कागद कुरतडून त्याचा पार भुगा केला होता.

"मग यांचे रकाने रिकामे का सोडलेत?"

"गाठ नाही तर लिहू काय?"

"अहो, रिकामा रकाना म्हणजे उंदीर मेला! पानाच्या माथ्यावरच छापलंय तसं."

"मेला की मी फुली मारतो. बावीस वर्षं मारतोय."

"नव्या कागदात फुली नाही, मामा. गाठ नसली की शून्य लिहायचं."

"शून्य?" मामांनी शब्द तोंडात घोळवला. "ते लिहायची पाळी कधी आलीच नाही, बाई. आजवर गाठ राहायची, नाहीतर उंदीर जायचा. गाठ गेली आणि उंदीर राहिला, असं या खोलीत कधी झालंय का? म्हणून म्हटलं, काय लिहायचं ते वरचे हुशार लोक बघतील."

बाईंनी वरून आणलेली वही मागे मागे उलटली. पहिल्या आठवड्यात या सातही जणांना गाठी होत्या. मामांच्या टपोऱ्या अक्षरात नऊ मिलिमीटर, अकरा, दहा. मग सात. मग तीन. मग कोरं. गणित्यानं फक्त शेवटचा रकाना पाहिला होता. मेलेल्याची जुनी मापं कोण काढून बसतं?

त्यांनी हातमोजे चढवले. पहिला उंदीर धरून अंगठ्यानं त्याची कूस चाचपली. गाठ मोजायचा कॅलिपर लावला. मध्ये काहीच न अडकता कॅलिपरचे दोन्ही जबडे एकमेकांना टेकले. दुसरा. तिसरा. चौथ्याला बाईंनी पायानंच स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. सातव्यानं हातमोज्यातून कडकडून चावा घेतला.

"आई गं!"

"चावणारच," मामा म्हणाले. "दोन वेळचं खातोय."

बाईंनी भिंतीवरच्या फोनवरून गणित्याला गाठलं. "यादीतले ते सात मयत काढा. तिथे शून्य घाला."

"मॅडम, असं कसं? रिकामा रकाना म्हणजे..."

"त्यातला एक मला आत्ता चावलाय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. हातमोज्याच्या टोकावर रक्ताचा ठिपका उमटला होता. तो त्या जरा वेळ बघतच राहिल्या.

"बारात सात," मामा पुटपुटले. "म्हणजे आता माणसांना...?"

"छे हो. अजून बरीच वर्षं लागतील. आणि ते पाच आहेतच, त्यांचं काय ते शोधायचंय."

"लागू देत वर्षं. मी कुठे चाललोय?"

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. बाईंनी पिंजरा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या दाराकडे निघाल्या.

"ओ बाई, जनावर या खोलीबाहेर न्यायचं नाही! नियम आहे."

"जिवंत जनावराला नियम, मामा. हे तर कागदावर मेलेत."

मामांनी क्षणभर हिशेब केला. मग पुढे होऊन त्यांनी दार सताड उघडून धरलं.

"झाकण नीट दाबून धरा," ते म्हणाले. "फार पळतात."