रिकामा ठोका

टण! झारा कढईच्या काठावर वाजला आणि होझिया ओशाळला. झालं, पुन्हा तेच.

समोर कॉलेजच्या हिरवळीवर त्याचे तीन जुने सोबती हिरव्या कोटांत पाय आपटत नाचत होते. बंधुसंघाचा, म्हणजे कॉलेजातल्या पोरांच्या शपथबद्ध मंडळाचा, हा नाच दर ऑक्टोबरात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात व्हायचाच. टाळी एका हातावरून पुढच्या हातावर जायची. आधी थर्मन, मग रूफस, मग एक रिकामी जागा, मग एलरॉय. रिकाम्या जागेपाशी एक ठोका मुका जायचा आणि नेमका तेव्हाच होझियाचा झारा वाजायचा. अठ्ठेचाळीस वर्षं! हाताला कुणी शिकवलं, देव जाणे.

पूर्वी त्या ओळीत पाच जण होते. संघात घेण्याआधी पोरांना उंचीनुसार उभं करत आणि तो क्रमांक जन्मभर चिकटे. लुशियस तिसरा, होझिया चौथा. संघाच्या दीक्षेला सहा दिवस उरले असताना लाकडाच्या गिरणीत होझियाच्या बापाचा पाय गेला. होझियाने कॉलेज सोडलं आणि बापाच्या जागी गिरणीत उभा राहिला. दोन वर्षं लाजेनं तो इकडे फिरकलाच नाही. मग लुशियस नदीत बुडाला. पोहता कुठे येत होतं त्याला? त्यांच्या वस्तीत कुणालाच येत नव्हतं. शहरातल्या तलावात काळ्या पोरांना गोऱ्यांनी कधी उतरूच दिलं नव्हतं.

त्या वर्षी होझिया मेळाव्याला आला, तो मासे तळायला. स्वतः पोहायला शिकला आणि संघाने वस्तीतल्या पोरांसाठी काढलेला शनिवारचा वर्ग त्यानेच चालवला. पोराला पाण्यावर उताणं निजवायचं, मानेखाली हात धरायचा, "आभाळ बघ रे" म्हणायचं आणि हळूच हात काढून घ्यायचा. आज हिरवे कोट घालून मिरवणारे निम्मे तरुण त्याच्या हातावर तरंगलेले होते. कोट मात्र त्याला नव्हता. संघाबाहेरच्याने तो रंग घालायचा नसतो.

तळणाचा धूर उन्हात रेंगाळत होता. धुरातून पाहताना त्या रिकाम्या जागेत लुशियस उभा दिसायचा. ओलाचिंब, हसरा. होझियाला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

त्याच्या एप्रनच्या खिशात एक अर्ज होता. सत्तराव्या वर्षी, गेल्या मे महिन्यात, त्याने राहिलेली पदवी घेतली होती. आता नियमाने संघात जाता येत होतं. एका बंधूची सही हवी होती आणि मुदत आज संपत होती. सकाळपासून चार वेळा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

नाच संपला. थर्मन घाम पुसत कढईपाशी आला.

"होझ्या, मासे जळतायत. लक्ष कुठंय तुझं?"

होझियाने कागद पुढे केला. तेलाचे डाग पडलेले.

"सही देशील? नाही म्हणालास तरी राग नाही. पण एक सांगतो, मला ओळीत उभं करू नका. मागे कुठेतरी राहीन. लुशियसची जागा मला अडवायची नाही."

थर्मनने कागदावरून मान वर केली.

"लुशियसची? कुठली?"

"ती काय. रूफसच्या पलीकडची. अठ्ठेचाळीस वर्षं बघतोय मी."

"आणि इथून झारा बडवतोयस!" थर्मन हसला, पण त्याचा आवाज फाटला. "अरे शहाण्या, लुशियसची जागा आम्ही त्याच वर्षी सरकून भरली. रडत रडत भरली. मेलेल्याच्या जागी आम्ही खांदा देतो, ती उघडी नाही ठेवत."

"मग ती कुणाची?"

थर्मनने कढईजवळच्या पाटावर कागद ठेवला, सही केली आणि पेनाचं टोपण लावत बसला.

"तू सोडून गेलास ना, त्यानंतरचा आमचा पहिला नाच. आम्ही तुझी जागा भरायला सरकलो, तर लुशियसने हात आडवा घातला. म्हणाला, सरकू नका रे, होझ्या येतोय."