खिडकीतला ग्लास

टीबी वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना संसर्ग किती होतो, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी सिस्टर प्रणालीच्या हातावर दोन दिवसांपूर्वी टीबीच्या चाचणीसाठी टोचलेल्या जागी मोजपट्टी लावली. "सूजच नाही. निगेटिव्ह!" ऐकून तिला कडकडून भूक लागली. टोचलं त्याच दिवशी तिनं घरी आपला नाव कोरलेला ग्लास वेगळा, खिडकीत ठेवला होता. भांड्यातून टीबी पसरत नाही, हे पेशंटच्या नातेवाइकांना घसा कोरडा करून सांगणारी हीच! पण घरात म्हाताऱ्या सासूबाई होत्या. स्वतःवर आल्यावर तिनंही अक्कल गहाण टाकली. ड्यूटी संपताच ती प्रतापनगरला घरी पोचली. खिडकीत ग्लास नव्हता. सासूबाई त्यातूनच ताक पीत होत्या. "आई, रिपोर्ट चांगला आला!" "बरं झालं वं. मी तं रोज यातच पिऊन राहिली. तूच सांगते ना, भांड्यानं होत नाही म्हणून?" उरलेलं उष्टं ताक प्रणालीनं गटागटा संपवलं.