दुसरं पान

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शरदिनी पुणतांबेकर यांनी नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं.

प्रश्न असा होता : गेल्या दोन आठवड्यांत, आपण नसलेलं बरं, असं तुमच्या मनात आलं का? शरदिनीबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत एकट्या राहतात. विचारणारी हिमानी विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पावर काम करत होती. विषय : एकट्या वृद्धांचं मानसिक आरोग्य आणि त्यांना मिळणारा आधार. फॉर्म हिंदीत होता. मराठी वस्तीच्या या गल्लीत ती तो मराठीतून विचारायची.

‘हो’ ऐकून तिचं पेन थांबलं नाही. या मोहल्ल्यातलं हे अठरावं ‘हो’ होतं. पहिलं शिवरामशास्त्र्यांचं, बारा दिवसांपूर्वीचं. ते उत्तर देऊन हसले होते. “नाहीतर काशीत कशाला बसलोय, पोरी? बोलावण्याचीच वाट बघतोय.” हिमानीला ते आवडलं होतं. पुढचं पान न विचारताच तिने ते वाक्य जसंच्या तसं प्रकल्पप्रमुख देवव्रतसरांना कळवलं आणि काय करायचं ते विचारलं. त्याच संध्याकाळी सरांची सूचना आली : सत्तरीच्या पुढच्यांचं असं उत्तर धार्मिक समजावं, शून्य, म्हणजे ‘नाही’, लिहावं, दुसरं पान विचारू नये.

‘हो’ आलं तरच विचारायच्या या दुसऱ्या पानावर तीनच प्रश्न होते. हा विचार किती वेळा येतो, कुणाला सांगितला आहे का, आणि काही ठरवलं असेल तर कधी.

हिमानीने शून्य लिहिलं.

“अडचणीला हाक मारावी अशी तीन माणसं सांगा, आजी.”

“आनंदी. वरची. सकाळी चहा घेऊन उतरते, कडी वाजवते.”

“आणि?”

“आणि कोण? बस.”

“दोन ओळी रिकाम्या राहतायत.”

“राहू देत. आनंदीचीही ओळ खोडून टाक. बुधवारी चाललीये ती. नवऱ्याची रेल्वेतली बदली, गोरखपूर.”

“मग गुरुवारपासून कोण?” हे फॉर्मवर नव्हतं.

“गुरुवारी कशाला कोण लागेल?” शरदिनीबाई म्हणाल्या. “सगळं आवरलंय मी. तुळस देवळात देऊन टाकली.”

खिडकीच्या फळीवर कुंडीचा गोल ओला डाग होता. तो अजून वाळला नव्हता. हिमानीने पान उलटलं. पहिले दोन प्रश्न विचारले. उत्तरं आली : रोज; नाही. मग तिसरा विचारला.

“सांगितलं ना आत्ता. गुरुवारी.”

थोड्या वेळापूर्वी त्यांनी वय सांगितलं होतं, त्याच आवाजात.

हिमानी उंबऱ्यात उभी राहिली, पाठ खोलीकडे न करता, आणि तिने फोन लावला.

“शून्य,” तिने ‘हो’ सांगताच देवव्रतसर म्हणाले. “सूचना दिली होती ना? पुन्हा पुन्हा काय तेच?”

“सर, यांनी वार सांगितलाय.”

“वार?”

“गुरुवार.”

“अगं, एकादशी-बिकादशी असेल.”

“नाही सर. बुधवारी वरची भाडेकरू जाते आहे. यांचं दुसरं कुणी नाही.”

पलीकडे कीबोर्डचा आवाज चालू होता, तो थांबला.

“एकटं सोडू नकोस,” सर म्हणाले. “मी डॉक्टरांना घेऊन येतो. चारपर्यंत.”

हिमानीने जिन्याखालून हाक मारली. आनंदी उतरली ती हातात सुतळीचा गुंडा घेऊनच. हिमानीने तिला दोन वाक्यांत सांगितलं. आनंदीने आधी तिच्याकडे, मग आत पाहिलं.

“काकू, हे काय ऐकतेय मी?”

“काही नाही. तू सामान बांध जा. गाडी चुकेल.”

“गाडी परवा आहे.”

“तुझ्या बांधायच्या तऱ्हेने परवाचीही चुकेल.”

आनंदी हसली नाही. सुतळी खाली ठेवून ती पलंगावर त्यांच्याजवळ बसली. मग आनंदीने शरदिनीबाईंचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवला नाही, धरलाही नाही.

“बिटिया, तू एवढी का घाबरलीस?” शरदिनीबाईंनी हिमानीला विचारलं. “हे तर तू सगळ्यांनाच विचारतेस ना?”

“नाही, आजी. दुसरं पान आज पहिल्यांदाच विचारलं.”

“बाकीच्यांना?”

हिमानीने पिशवी जवळ ओढली.

“शास्त्रीबुवांना?”

“नाही.”

“मग त्यांनी कुणाला सांगायचं?”

पिशवीत आधीच्या सतरा ‘हो’चे फॉर्म होते. हिमानीने ते काढले. सतराही फॉर्मांवर नवव्या प्रश्नापुढे शून्य होतं, तिच्याच अक्षरात. दुसरी पानं कोरी होती. सर्वांत खालचा फॉर्म शिवरामशास्त्र्यांचा. आधाराच्या तीन ओळींपैकी एकीवर त्यांच्या बहिणीचं नाव होतं, पुढे कंसात ‘गेल्या’ लिहिलेलं.

आनंदी इथे बसून राहील, हे तिने दोनदा विचारून घेतलं आणि ती निघाली.

शास्त्री चार घरं सोडून राहतात. हिमानीने त्यांच्या दाराची कडी अकरा वाजून पाच मिनिटांनी वाजवली. सव्वाअकराला पुन्हा वाजवली, हाकही मारली. समोरच्या दुकानदाराने आज त्यांना घाटावर जाताना पाहिलेलं नव्हतं.

दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. ते आतून बंद होतं. साडेअकरापर्यंत ते उघडलेलं नव्हतं.