राखणदार

इमारतीचा राखणदार गेला, त्यानंतर आठवड्याभरात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त भाषाशिक्षक जिन्याखालच्या खोलीत आले. राखणदाराची बायको भिंतीला टेकून बसली होती. काय बोलावं ते सरांना सुचेना. शेवटी म्हणाले, "वहिनी, राखणदार या शब्दातलं 'राखण' हे 'रक्ष्' या धातूपासून आलंय. राखणारा, सांभाळणारा. फार जुना, मोठा शब्द आहे."

"हो का," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

सरांनी घसा खाकरला. "सकाळपासून नळाला पाणी नाही. पंप कसा चालू करायचा, ते कुणालाच ठाऊक नाही."

"मीच करते रोज. ह्यांनी अंथरूण धरलं तेव्हापासून. आज हात उचलेना."

सर जमिनीकडे बघत म्हणाले, "मला कमिटीनं पाठवलंय. नवा राखणदार बघतायत. त्याला ही खोली लागेल."

ती सावकाश उठली. खुंटीवरची पंपाची किल्ली घेऊन दारापर्यंत गेली आणि थांबली.

"सर, राखणारी बाई असली, तर तिला काय म्हणतात?"

सरांनी तिच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"तोच शब्द चालतो," ते म्हणाले. "मी सांगतो कमिटीला."