पिवळी माती

मावशी पोलीस चौकीचे गणवेश धुवायच्या. एकत्र प्रार्थना करायला सरकारची बंदी होती. म्हणून धुलाईचं मशीन घरघरायला लागलं, की त्या सुनेसोबत हात जोडायच्या. त्या आवाजात कुणाच्या बापाला काय ऐकू येणार!

"नेलेल्या सगळ्यांना सोडव. नेणाऱ्यांना जाब विचारणारं कुणीतरी असू दे."

पोलिसांनी नेलेल्यांत मावशींचा मुलगाही होता.

आठवडाभर चौकीतली प्रत्येक पँट गुडघ्यांवर पिवळ्या मातीने माखून येत होती.

"सगळी चौकी रांगत कामाला जाते की काय?" सून हसली.

मावशी हसल्या नाहीत. गावात सगळीकडे काळी माती. पिवळी लागते ती खूप खोल खणल्यावर.

आज सकाळी चौकीचे साहेब स्वतःच तणतणत आले.

"ए बाई, डाग काढायला काय होतं तुला? आमच्यातला एकही जण कुठे गुडघे टेकून बसलेला नाही!"

त्यांच्या अंगात मावशींनीच इस्त्री केलेली पँट होती. गुडघे स्वच्छ होते.

आत सुनेने सवयीने मशीन सुरू केलं. मावशींचे हात आपोआप जोडले गेले.

साहेब ताठ उभे होते. तरी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर ओली पिवळी माती उमटली. ती मांड्यांवर चढली, पट्ट्याशी आली. साहेबांनी खाली पाहिलंच नाही.

घाबरून मावशींनी हात सोडवले.

"मावशी," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तो म्हणतोय, आई, थांबू नकोस."