माळबंदी

नातेपुत्याच्या माळावर केराबाईच्या घराण्याची सातवी पिढी मेंढरं चारत होती. यंदा जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबानं, मेंढरांनी जमिनीचं वाटोळं होतं असं ठरवून, माळाला तारेचं कुंपण घातलं. "आमच्या वाडवडलांचा हक्क हाय, सायेब," असं केराबाई परोपरीनं सांगत राहिली. साहेबानं कागद मागितला, आणि तिच्याकडे तर नुसता कळप होता.

आठवड्यानं साहेबाचा शिपाई तिच्या पालापाशी येऊन घुटमळला. "केराबाई, सायबांच्या मोसंबीच्या बागेत चार दिस मेंढरं बसव की. लेंडीखतानं जमीन लई सुधारती, असं त्येच म्हनाले."

केराबाईनं हसू दाबत पदर सावरला.



"बसवली असती रं बाबा. पन माळ बंद झाल्यापास्नं मेंढरांच्या लेंड्या बी बंद हायेत."